आठ वाजले, पडदा का सरकला नाही?

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात. वय ८२. त्यांचा आणि आमचा एक ठराव आहे. सकाळी आठच्या आत त्या खिडकीचा पडदा सरकवतात. पडदा सरकला की आम्ही समजतो, काकू उठल्या, हिंडत्याफिरत्या आहेत. नाही सरकला तर आधी फोन करायचा, फोन उचलला नाही तर किल्ली घेऊन वर जायचं.

मागे एकदा सव्वाआठ झाले तरी पडदा जागच्या जागी. फोन वाजून वाजून थांबला. बेल दाबली, कोणी येईना. किल्ली कुलपात घालताना माझा हात नीट चालत नव्हता. आत जाऊन बघतो तर काकू चष्म्यासकट गाढ झोपलेल्या, छातीवर पालथं पुस्तक, आणि फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला. जाग आल्यावर त्या माझ्यावरच उखडल्या. "माणसाला एक दिवस उशिरा उठायची मुभा नाही का रे?" दुपारी त्यांचा फोन आला, आवाज जरा मवाळ. "मी काय म्हणते, वाचत बसायचं असेल त्या दिवशी रात्रीच पडदा सरकवून ठेवला तर?"

मी म्हटलं, काकू, मग तो पडदा कशाला?

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबद्दल बोलताना आपण बहुधा करुणेच्या सुरात बोलतो: बिचारे, कोणी नाही हो त्यांना. मला तो सूर फारसा उपयोगाचा वाटत नाही. काकूंना कोणी नाही असं नाही. मुलगी रोज फोन करते, पुस्तकं आहेत, एकटं राहणं त्यांनी स्वतः निवडलेलं आहे. प्रश्न वेगळा आहे: काकूंना काही झालं तर ते कोणाला कळेल आणि किती वेळात कळेल? आणि त्याहून अवघड म्हणजे, काकूंच्या असण्यावर कोणाचं काही अवलंबून आहे का?

या विषयात तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. एकटं राहणं म्हणजे घरात दुसरं माणूस नसणं. ती निव्वळ राहण्याची सोय झाली. संपर्क तुटणं म्हणजे माणसांशी भेटीगाठी, बोलणंचालणं कमी होणं. ते मोजता येतं, आठवड्यात किती जणांशी बोललात असं विचारून. एकाकीपणा ही भावना आहे. हवी तेवढी किंवा हवी तशी माणसं जवळ नाहीत, हे वाटणं. भरल्या घरात एकाकी असलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. उलट आठ दिवस कोणाशी न बोलता मजेत राहणारेही असतात, पण ते जिन्यात घसरले तर मजेत असण्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून उपायही वेगळे. एकाकी माणसाला नुसती माणसं पुरवून भागत नाही आणि संपर्क तुटलेल्याला नुसता धीर देऊन भागत नाही.

२०१५ मध्ये ज्युलिॲन होल्ट-लन्स्टाड या अमेरिकी संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. त्यात ३४ लाखांहून अधिक माणसं होती आणि सरासरी सात वर्षं त्यांची माहिती ठेवली गेली होती. संपर्क तुटलेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता २९ टक्क्यांनी, एकाकी असलेल्यांमध्ये २६ टक्क्यांनी आणि एकट्या राहणाऱ्यांमध्ये ३२ टक्क्यांनी जास्त निघाली. हे आकडे वाचून घाबरायला होतं, म्हणून त्यांचा अर्थ सांगतो. एरवी शंभरातली दहा माणसं त्या काळात गेली असती, तर इथे साधारण बारा-तेरा जातील. शंभरातली तीस जादा जातील असा त्याचा अर्थ नाही. शिवाय आजारी माणूस आजारामुळेच बाहेर पडेनासा होतो, तेव्हा कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे पूर्ण सुटं करता येत नाही. तरीही हा संबंध इतक्या वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसतो की तो झटकून टाकण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात एकाकीपणाशी निगडित मृत्यूंचा अंदाज वर्षाला ८ लाख ७१ हजार, म्हणजे तासाला सुमारे शंभर, असा दिला आहे.

माणसं नसली की शरीराचं बिघडतं तरी काय? एक वाट मेंदूतून जाते. सतत एकटं वाटणारं माणूस नकळत सावध राहतं, जणू पहाऱ्यावर आहे. झोप तुटक लागते, ताणाची संप्रेरकं जास्त वेळ चढलेली राहतात आणि त्याचा भार रक्तदाबावर, हृदयावर पडतो. यावर बरंच लिहिलं गेलं आहे.

दुसरी वाट इतकी साधी आहे की तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आपल्या तब्येतीतले निम्मे बदल आपल्याला दिसत नाहीत, समोरच्याला दिसतात. "पाय सुजलेत का तुझे?" "कालच हे सांगितलंस मला." "औषधाची पट्टी तेवढीच कशी भरलेली?" वय वाढतं तशी तहान कमी जाणवते, त्यामुळे पाणी कमी पडलंय हे ज्याचं त्याला कळत नाही. उतारवयात साध्या लघवीच्या संसर्गानेही माणूस अचानक असंबद्ध बोलू लागतो, आणि असंबद्ध बोलणाऱ्याला आपण असंबद्ध बोलतोय हे कसं कळावं? रोज पाच मिनिटं बोलणारं कोणी असेल तर ते दुसऱ्याच दिवशी म्हणतं, आज काहीतरी वेगळं आहे. तपासणीचं यंत्र लागत नाही, रोजची ओळख लागते. महिन्यातून एकदा येऊन दोन तास बसणाऱ्या पाहुण्याला हे जमत नाही, कारण नेहमीचं कसं असतं हेच त्याला ठाऊक नसतं.

जमिनीवरचा तास

आता पडण्याबद्दल. म्हातारपणी पडणं वाईट हे सगळ्यांना माहीत आहे, पण हाड मोडणं हा त्यातला एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे पडल्यावर उठता न येणं. माणूस तासन्‌तास एकाच कुशीवर कडक जमिनीवर पडून राहिलं की दाबलेले स्नायू आतून नासायला लागतात, त्यांचा निचरा करताना मूत्रपिंडं बेजार होतात, कातडीवर व्रण पडतात, अंगातलं पाणी आणि ऊब कमी होत जाते, छातीत कफ साठतो. हाड शाबूत असतानाही हे सगळं होतं. १९८१ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात असं आढळलं की पडल्यावर तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी निम्मे लोक सहा महिन्यांत वारले होते. त्यातले बरेच जण आधीच अशक्त होते, म्हणून तर उठू शकले नाहीत, हे खरं. तरी त्या तासाचं मोल लक्षात येतं.

मग गळ्यात बटण द्या की, दाबलं की मदत येईल! केंब्रिजमध्ये नव्वदीच्या पुढच्या लोकांचा अभ्यास झाला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी बटणं पुष्कळांकडे होती. पण बराच वेळ जमिनीवर पडून राहिलेल्यांनी बहुतेक वेळा ती दाबलीच नव्हती. कोणाला हात पोचवता आला नाही, कोणाला वाटलं आपलं आपण उठू, कोणाला एवढ्यासाठी लोकांना कशाला त्रास असं वाटलं. हे शेवटचं कारण मला सगळ्यात मराठी वाटतं, जरी ती माणसं इंग्रज होती. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, मिंधेपणा. मदत मागितली की मिंधं व्हावं लागतं, आणि मिंधं होण्यापेक्षा जमिनीवर पडून राहणं काही जणांना परवडतं.

जपानमधल्या झोजिरुशी कंपनीने २००१ पासून एक सेवा चालवली: घरातली विजेची किटली वापरली की दूर राहणाऱ्या नातेवाइकाला निरोप जातो. आज किटली वापरली गेलीच नाही, तर त्यालाही ते कळतं. मला ही कल्पना बटणापेक्षा शहाणी वाटते, कारण इथे म्हाताऱ्या माणसाला मदत मागावी लागत नाही. त्याचं रोजचं काम थांबलं, हीच खूण. काकूंचा पडदा याच जातीचा, फक्त त्याला वीज लागत नाही. यंत्राला मी नावं ठेवत नाही, पण निरोप मिळाल्यावर कोणीतरी उठून जायला हवं, आणि तीनशे किलोमीटरवरचा मुलगा दहा मिनिटांत जाऊ शकत नाही.

शिकागोचे दोन शेजारी भाग

शेजार नेमकं काय करतो हे बघायचं तर जुलै १९९५ मधल्या शिकागोकडे बघावं लागतं. पाचेक दिवस उष्णतेची लाट होती, पारा ४१ अंशांच्या आसपास गेला. एरवीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. मेलेल्यांत एकटी राहणारी वृद्ध माणसं खूप होती. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे या मृत्यूंचा माग काढला. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल हे एकमेकांना लागून असलेले भाग त्याने शेजारीशेजारी ठेवून पाहिले. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे, ऊन तर तेच. नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे ४० मृत्यू. साउथ लॉनडेलमध्ये लाखामागे चारही नाहीत.

दक्षिणेकडची माणसं जास्त प्रेमळ होती असं यातून निघत नाही. नॉर्थ लॉनडेलमधले कारखाने बंद पडले होते, लोक सोडून गेले होते, मोकळे पडलेले प्लॉट आणि बंद दुकानं, रस्त्यावर गुन्हेगारीची भीती. म्हातारी माणसं दारंखिडक्या लावून आत बसली आणि आतच गेली. साउथ लॉनडेलमध्ये रस्ते गजबजलेले, दुकानं उघडी, पदपथावर सतत वर्दळ. तिथली म्हातारी माणसं रोज काही ना काही कारणाने खाली उतरत होती. उन्हाच्या दिवसांतही उतरली, गार दुकानांत जाऊन उभी राहिली. आणि एखादी उतरली नाही, तर दुकानदाराला ते जाणवलं.

म्हणजे समाजाचा आधार हा नुसता मनाचा गुण नाही. तो जिन्याच्या कठड्यावर, बसायच्या बाकावर, रस्त्यातल्या दिव्यावर आणि कोपऱ्यावरच्या दुकानावर टिकून असतो. इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद ठेवणारी सोसायटी वृद्धदिनाला कितीही शाली वाटो, तिने चौथ्या मजल्यावरच्या आजोबांचा संपर्क तोडलेला असतो.

शिकागोत आणखी एक गोष्ट दिसली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या स्त्रिया संख्येने जास्त होत्या, तरी मृत्युदर पुरुषांचा जास्त होता. पुरुषांचं गणगोत बरेचदा नोकरीपुरतं किंवा बायकोच्या हाती असतं. नोकरी संपली, बायको गेली की धागेच उरत नाहीत. ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकात पुरुषांसाठी सामाईक कार्यशाळा सुरू झाल्या आणि आता त्या शेकड्यांनी आहेत. तिथे लाकूडकाम, दुरुस्ती असं काही चालतं. समोरासमोर बसून "कसं वाटतंय?" विचारलं तर जो माणूस तोंड उघडणार नाही, तो रंधा मारता मारता शेजारच्याला सगळं सांगतो.

२००३ च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं दगावली, तीही बहुतांश वृद्ध. त्यानंतर २००४ मध्ये कायदा होऊन नगरपालिकांनी अशा व्यक्तींची नोंदवही ठेवायला सुरुवात केली; लाट आली की नोंदवहीतल्यांना फोन जातात. चांगली सोय, पण नोंद ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ज्याला मिंधेपणाची भीती आहे तो नाव कशाला देईल?

घेणाऱ्यानेही द्यावं

मिंधेपणावर मला ठाऊक असलेला एकच उतारा आहे: ज्याला मदत करायची, त्याच्याकडूनही काहीतरी घ्यायचं. खोटंखोटं नव्हे, खरंच गरज असलेलं.

२००३ मध्ये स्टेफनी ब्राउन यांच्या अभ्यासात ४२३ वृद्ध जोडप्यांची पाच वर्षांची माहिती तपासली होती. मित्र, नातेवाईक, शेजारी यांना मदत करणारे किंवा जोडीदाराला मानसिक आधार देणारे लोक त्या काळात कमी दगावले. मदत मिळण्याचा मात्र तसा फायदा दिसला नाही. धडधाकट माणूसच मदत करू शकतो, अशी शंका येणारच. संशोधकांनी तब्येतीचा फरक हिशेबात धरला, तरी निष्कर्ष टिकला. आपण सहसा उलटं करतो. म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं एकेक काम काढून घेतो, "तुम्ही बसा" म्हणतो, आणि त्याला सेवा समजतो.

याच विचारावर काही व्यवस्था उभ्या राहिल्या. १९७३ मध्ये ओसाकामध्ये तेरुको मिझुशिमा यांनी श्रमाची बँक काढली. आज तू माझ्यासाठी दोन तास दे, तुझ्या खात्यावर दोन तास जमा. तुला लागतील तेव्हा दुसरं कोणी तुला देईल. पुढे अमेरिकेत एडगर कान या वकिलाने अशीच 'टाइम बँक' मांडली. त्यात वकिलाचा एक तास आणि खिडक्या पुसणाऱ्याचा एक तास यांची किंमत सारखी. बिछान्यात असलेली आजीसुद्धा फोनवरून मुलाचा अभ्यास घेऊन तास कमावू शकते. आणि कमावलेले तास खर्च करताना उपकार वाटत नाहीत. माझं मत विचाराल तर दहा-पंधरा घरांच्या वर्तुळात एवढा हिशेब ठेवायची गरज नाही, वही घातली की वादही आत येतात. पण मागचा विचार पक्का आहे.

पडदा आणि देवाणघेवाण इथे एकमेकांना मिळतात. आमच्या मजल्यावरच्या दोन मुलांची जादा किल्ली काकूंकडे असते. शाळेतून आली की ती काकूंकडे जाऊन किल्ली घेतात. काकूंनी दार उघडायला दोन मिनिटं जास्त लावली तर पोरं ओरडून इमारत डोक्यावर घेतात. सकाळी पडदा, दुपारी किल्ली; या दोन्हींच्या मधे काही झालं तर फार वेळ लपून राहणार नाही. ज्याच्यावाचून कोणाचं तरी अडतं, त्याचं न दिसणं लवकर कळतं. दया दाखवणारा एखादा दिवस विसरेल, पण घराबाहेर अडकलेलं भुकेलं पोर विसरत नाही.

तुमच्याकडे असं काही सुरू करायचं असेल तर मोठी सभा घेऊ नका. सभेला तीच माणसं येतात जी तशीही भेटतात. एका माणसापासून सुरुवात करा, आणि तिला किंवा त्याला आधी विचारा: कोणती खूण चालेल, किती वाजता, कोणी आलेलं चालेल, कोणी आलेलं अजिबात नको. "नको" हे उत्तर असेल तर तेही उत्तर आहे. दोन महिन्यांनी पुन्हा विचारा. किल्ली दोन घरांत असू द्या, एकच घर गावाला गेलं तर सगळं अडतं. आणि किल्ली ज्याच्याकडे, पैशाचे व्यवहार त्याच्याकडे नकोत. हे लिहायला कसंतरी वाटतं, पण म्हाताऱ्या माणसांची फसवणूक बरेचदा जवळची माणसंच करतात. शेजारी सज्जन असला तरी ही रेघ त्याच्याही सोयीची आहे, उद्या कोणी बोट दाखवू नये.

फोनवर भिस्त ठेवणार असाल तर ऐकू किती येतं ते बघा. कमी ऐकू येणारी माणसं फोन टाळायला लागतात, मग भेटीही टाळतात, आणि घरचे म्हणतात, हल्ली फार अबोल झाल्या आहेत. ऐकू कमी येणं आणि संपर्क तुटणं, दोन्ही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत मोडतात. श्रवणयंत्र नीट बसवून घ्यायला सोबत जाणं ही दहा गप्पांच्या बैठकांपेक्षा मोठी मदत ठरू शकते.

चुकीची हाक होणारच. पडदा विसरेल, फोन सायलेंटवर असेल, तुम्ही धापा टाकत वर जाल आणि वर बोलणी खाल. चुकीच्या हाकेनंतर कोणी ओशाळलं, माफी मागितली, किंवा "परत असं करू नका" असं कोणी म्हटलं, की ती व्यवस्था महिन्याभरात मरते. मी त्या दिवशी बोलणी खाऊन खाली आलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आठला खिडकीकडे बघितलं.

मर्यादाही आहेत. स्मृतिभ्रंश पुढे गेलेला असेल, जेवणखाण सुटलं असेल, किंवा कोणी जगण्यात राम नाही असं वारंवार बोलत असेल, तर शेजाऱ्याने डॉक्टर होऊ नये. घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगणं एवढंच त्याचं काम. रोजचं आंघोळ घालणं, औषधं देणं हे शेजाराच्या जिवावर चालत नाही, त्याला पगारी माणूस आणि सरकारी सोय लागते. लोक एकमेकांचं बघतात, तेव्हा आम्ही कशाला, असं कुठल्याही सरकारला म्हणू देऊ नये. आणि सगळं एकाच उत्साही माणसावर पडलं तर तो वर्षभरात थकतो. आमच्याकडे पडद्याची पाळी वार लावून वाटलेली आहे. गुरुवार माझा.

काकूंच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर मुलीचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, चालू औषधं, कशाची ॲलर्जी आहे ते, आणि किल्ली असलेली दोन घरं. घाईत आत शिरलेल्याला बाहेर पडताना तो समोर दिसतो. सगळं पेन्सिलीने लिहिलंय, काकूंच्याच अक्षरात. यंदा त्यांनी दोन नंबर खोडून नवे घातले.